जमा माझ्या, नावे हिच्या

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याची एक सिमेंटची टाकी होती आणि तिच्यावर निळ्या रंगात लिहिले होते, ‘आरोग्यम् धनसंपदा’. अक्षर सुरेख होते. टाकी मात्र वर्षातून एकदा, तपासनीस साहेब यायच्या आदल्या दिवशी धुतली जाई. ‘धुतली जाई’ असे मी सहज लिहून गेलो खरा. पण ती कोण धुवायचे, हे मला आजही आठवत नाही. प्रयोग कर्मणी आहे एवढे शाळेने शिकवले होते. कर्ता शोधायचा असतो, हे कळायला चाळिशी उलटावी लागली आणि साखर वाढावी लागली. त्याचीच ही हकिकत.

मी एका बँकेत कारकून आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे आयुष्यात कोणतीही गोष्ट दिसली की ती जमेची की खर्चाची, एवढे मी आधी पाहतो. गेल्या वर्षी वार्षिक तपासणीत (माझ्या, बँकेच्या नव्हे) डॉक्टरांनी कागदावरून नजर वर न उचलता सांगितले, “तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१ आहे. मधुमेह नाही अजून. पण ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. तुम्ही उंबरठ्यावर उभे आहात.”

आमच्याकडे कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की ते खाते बुडीताच्या वाटेला लागले असे धरतात. शरीराची बँकसुद्धा तीन महिन्यांचाच हिशेब बघते हे कळल्यावर मला डॉक्टरांविषयी एकदम व्यवसायबंधूची आपुलकी वाटू लागली. “वजन उतरवा, चाला, भात-साखर कमी, भाज्या-डाळी जास्त,” असे सांगून त्यांनी मला सोडले. औषध दिले नाही. हे एक बरे झाले आणि हेच वाईट झाले. कारण औषध दिले असते तर मी मुकाट्याने गोळी घेतली असती. औषध नाही म्हटल्यावर माझा आहार हा सार्वजनिक विषय झाला.

दुसऱ्या दिवशी बँकेत ही बातमी पसरली आणि काउंटरच्या अलीकडचे व पलीकडचे मिळून सगळेजण माझ्या उद्धाराला लागले. हेडकॅशियर म्हणाले, “रात्री मेथ्या भिजत घालायच्या, सकाळी चावून खायच्या. काही करावं लागत नाही हो!” कर्जविभागातल्या तरुणाने चिया नावाच्या परदेशी बियांची एक पुडी दाखवली. ती पाण्यात फुगते म्हणाला. आमच्या घरी बाळंतिणीसाठी आणलेले अळीव पिढ्यान्‌पिढ्या असेच पाण्यात फुगत आले आहेत. पण त्यांना परदेशी नाव नसल्यामुळे कोणी त्यांची पुडी खिशातून काढून दाखवत नाही. एका खातेदाराने नाचणीचा आग्रह धरला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते, तेव्हापासून त्यांच्या घरी गहू येत नाही म्हणे. “भाकरी काय, दहा मिनिटांचं काम. काही करावं लागत नाही.” आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांनी शपथेवर सांगितले, “पहाटे अनशापोटी दुधीचा रस. महिनाभर. काही करावं लागत नाही!”

वाचकहो, ‘काही करावं लागत नाही’ हे वाक्य कोण म्हणते ते आपण एकदा नीट लक्ष देऊन ऐका. ते म्हणणारा इसम खरेच बोलत असतो. त्याला काही करावे लागत नाही. मेथ्या भिजतात, मूग मोडावर येतात, भाज्या निवडल्या जातात, बदाम सोलले जातात, भाकऱ्या भाजल्या जातात आणि रस गाळला जातो. साध्या, नैसर्गिक, घरगुती आरोग्याचे सगळे शास्त्र कर्मणी प्रयोगात लिहिलेले आहे. ‘धावपळीच्या कुटुंबांसाठी सोपा आहार’ असे कुठे छापलेले दिसले की मी हल्ली विचारतो, बाबा रे, यात धावपळ कोणाची आणि कुटुंब कोणाचे?

पण हे शहाणपण हल्लीचे. त्या वेळी मी घरी येऊन फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवला. आखणी अर्थातच बँकेच्या शिस्तीने केलेली होती. उभे चार रकाने: मी, आई, मुलगी, मुलगा. आडवे रकाने: पहाट, न्याहारी, डबा, संध्याकाळ, रात्र. मला पहाटे दुधीचा रस आणि डब्यात नाचणीची भाकरी. आईला दात नाहीत म्हणून मऊ भात. मुलगी दहावीत म्हणून तिला अक्रोड. मुलाला भाज्या आवडत नाहीत म्हणून त्याच त्याला फसवून पराठ्यातून. हिने तक्ता वाचला आणि एवढेच विचारले, “हे उद्यापासून का?”

“उद्यापासून,” मी बाणेदारपणे म्हणालो. “अगं, सोपं आहे. काही करावं—” वाक्य पुरे होण्याआधी ती आत गेली होती. मला वाटले, दुधी बघायला गेली.

आमची ही ठाण्याच्या एका शाळेत शिकवते. मी डोंबिवलीहून ८.१२ची लोकल पकडतो, ती ६.४०ची. पूर्वी स्वयंपाकघरातला दिवा पाच वाजता लागायचा, तो तक्त्यानंतर सव्वाचारला लागू लागला. मला हे माहीत होते, कारण दाराच्या फटीतून उजेड डोळ्यांवर यायचा. मी कूस बदलून घेत असे.

दुधीचे आणखी एक सांगायला हवे. अण्णा म्हणाले होते, “कडू असेल तितका गुणकारी.” हे साफ खोटे आहे आणि जिवावर बेतणारे आहे. कडू निघालेल्या दुधीत कुकुर्बिटासिन नावाचे विष असते. असा रस पिऊन माणसे दगावली, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला त्यावर तज्ज्ञांची समिती नेमावी लागली होती. दुधी कडू लागला तर थुंकून फेकून द्यायचा, हा त्यातला साधा नियम. हा नियम मला पुढे कळला. हिला आधीपासून ठाऊक होता. ती रोज पहाटे रस काढायच्या आधी दुधीचा तुकडा स्वतः चाखून बघायची. पूर्वी राजेलोकांचे अन्न आधी दुसऱ्याला चाखायला देत असत, असे आपण वाचतो. महिना साठेक हजार पगार असलेल्या कारकुनाच्या पदरीही अशी सोय होती, हे मला खूप उशिरा समजले.

आहार मात्र लागू पडला. दीड महिन्यात माझे तीन किलो उतरले. पँट ढिली झाली. मी बँकेत व्याख्याने देऊ लागलो. ‘आपल्या आज्यांच्या वेळी कुठे होते हे आजार? तो साधा, सात्त्विक आहार!’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हटले की एकदा घरीही म्हणून गेलो. आई भाताचा घास थांबवून म्हणाली, “तुझी आजी पहाटे जात्यावर बसायची. सगळ्या पंगती उठल्यावर जेवायची, ती पातेल्याला लागलेलं. बेचाळिसाव्या वर्षी गेली. आजार होते रे. बायकांचे होते, म्हणून त्यांना नाव नव्हतं.”

मी विषय बदलला.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ही ठाणे स्टेशनच्या पुलावर चक्कर येऊन खाली बसली. कोणी पाणी दिले, कोणी पर्स सांभाळली आणि एका मुलीने तिच्या फोनवरून मला फोन लावला. मी काउंटरवर ‘पाच मिनिटांत येतो’ अशी पाटी ठेवून निघालो, तो त्या दिवशी परत गेलो नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन ८.९. बाईमाणसाचे निदान १२ हवे.

“सकाळी काय खाता?” त्यांनी विचारले.

“चहा.”

“मग?”

“शाळेत पोचल्यावर चहा.”

“जेवता कधी?”

ही हसली. हसून म्हणाली, “डब्यात असतं ना काहीतरी. संध्याकाळी मुलांचं उरलेलं असतं. भाकरी ह्यांच्यापुरतीच करते, पीठ महाग झालंय ना. आणि जेवणावर चहा लागतोच मला, नाहीतर डोकं दुखतं.”

डॉक्टरांनी सांगितले की जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, आणि लिंबासारखे आंबट काही घेतले तर ते जास्त लागते. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं तर उत्तम चाललंय. आहार कोण सांभाळतं?”

या प्रश्नाला मी काय उत्तर दिले, ते इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर तिला निजवले आणि पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजच्या दारावर तक्ता होता. चार रकाने: मी, आई, मुलगी, मुलगा. आम्ही घरात पाच माणसे आहोत.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की तेरीज पत्रक जुळले म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नये. सबंध व्यवहारच किर्दीत नोंदवायचा राहिला, तर दोन्ही बाजू बिनबोभाट जुळतात. चूक दिसतच नाही. या प्रश्नाला मला परीक्षेत पाचपैकी पाच मार्क मिळाले होते. वीस वर्षे मी लोकांच्या खात्यांतल्या पैशापैशाच्या चुका काढल्या. आणि माझ्या फ्रिजवर पाचवे खाते उघडलेलेच नव्हते, ते मला दीड महिना दिसले नाही. आरोग्य माझ्या जमा होत होते. ते कोणाच्या तरी नावे पडत असणार, हे दुहेरी नोंद पद्धतीचे पहिले सूत्र. पण घरी आल्यावर आपण सूत्रे चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

आता कोणी म्हणेल, हा तुमच्या एकट्याच्या घरचा किस्सा. तसे असते तर मी लाजेने गप्प बसलो असतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय होता आणि पुरुषांत २५ जणांना. एकाच देशातले, बरेचसे एकाच घरातले, एकाच कुकरमधले जेवणारे हे लोक! रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, बाईच्या शरीराची म्हणून वेगळी असतात, हे मान्य. पण एकाच पातेल्यातून कोण आधी वाढून घेते आणि कोण शेवटी खरवडते, हेही त्यांतले एक कारण आहे आणि ते रक्ताच्या तपासणीत दिसत नाही.

वेळेचाही हिशेब झालेला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली पाहिले, तेव्हा घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटे घालवत होत्या. पाच तासांना एक मिनिट कमी, ते बहुधा चूळ भरायला. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत होते. आणि मुळात ते करणारे पुरुषच शंभरात २६ होते, बायका ८१. पुढे २०२४ साली पुन्हा मोजले, तेव्हा बायकांची मिनिटे २८९ झाली होती. वाटले, चला, पुरुषांनी थोडा भार उचलला. पाहतो तो पुरुषांची ९७ ची ८८ झालेली! आमची सुधारणा आमच्याच दिशेने झाली होती.

या २८९ मिनिटांच्या डोक्यावर आपण दुधी, नाचणी आणि मोड आलेले मूग ठेवतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या हव्यात. सल्ला सोन्यासारखा आहे. पण कारकुनाने गुणाकार करावा. पाच माणसांचे दोन किलो होतात. अर्धा किलो फळे धरली तरी दीड किलो भाजी रोज आणायची, धुवायची, निवडायची आणि चिरायची राहते. एका रविवारी मी घड्याळ लावून मेथीची जुडी निवडली. मला बावीस मिनिटे लागली आणि शेवटी देठे पातेल्यात व पाने कचऱ्यात गेली होती. माझे भांडण मेथीशी नाही. नाचणी उत्तमच आहे, तिच्यात कॅल्शियम भरपूर असते; डाळी-उसळी-ताकाइतके स्वस्त आणि भले दुसरे काही नाही, हेही खरे. माझे भांडण ‘सोपे’ या शब्दाशी आहे. साधा आहार स्वस्त असतो; सोपा नसतो. त्याची किंमत पैशांत कमी असते, कारण ती मिनिटांत चुकती केलेली असते. आणि ती मिनिटे कोणाच्या खात्यातून वळती होतात, हे न विचारता जो आहारसल्ला देतो, तो दुसऱ्याच्या पासबुकातून दानधर्म करतो.

आता आमच्या घरी काय चालते ते सांगतो. तक्ता म्हणून नव्हे, जबानी म्हणून. स्वयंपाक एकच होतो. आईला, मला, मुलांना तेच वरण, तीच भाजी, तीच पोळी किंवा भाकरी. मी भात कमी घेतो आणि तोंड बंद ठेवतो. दुधीचा रस बंद. दुधीची भाजी चालू. रात्री मटकी किंवा मूग भिजत घालणे आणि दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधणे माझ्याकडे. उद्याची भाजी रात्री मुलगा आणि मी मिळून चिरतो. त्याने स्वतः चिरलेल्या दुधीशी त्याचे वैर बरेच निवळले आहे. सुरुवातीला माझी पोळी आसामच्या नकाशासारखी होई. हल्ली महाराष्ट्रापर्यंत आली आहे. पाचही जण एकदम बसतो आणि पहिले ताट हिचे वाढतो. लिंबू पिळायचे, चहा जेवणानंतर तासाभराने. भाजी लोखंडी कढईत करतो. पण कढई आली म्हणून गोळ्या थांबवल्या नाहीत. नैसर्गिक उपायांवर प्रेम असावे, मात्र डॉक्टरांची चिठ्ठी फाडून नव्हे.

हे ऐकून हेडकॅशियर म्हणाले, “म्हणजे तुम्ही वहिनींना स्वयंपाकात मदत करता?” मी विचारले, “साहेब, तुम्ही इथे रोज मॅनेजरसाहेबांना मदत करायला येता का?” ते म्हणाले, “छे, हे माझं काम आहे.” मी म्हणालो, “जेवणारा मी आहे.” ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी विचारले की मटकीला पाणी किती लागते.

कर्जविभागातला तरुण म्हणाला, “मग स्वयंपाकाला बाई लावा ना, सुटला प्रश्न!” लावायला हरकत नाही, आमच्या इमारतीत तीन घरी पोळ्यांना एक काकू येतात. त्या पहाटे कोरा चहा घेऊन निघतात आणि दुपारी दोनला घरी जाऊन पहिला घास खातात, हे मला हल्ली त्यांना विचारल्यावर कळले. त्यांचे हिमोग्लोबिन कोणी पाहिलेले नाही. प्रश्न सुटला नाही, फक्त जिन्याने खाली गेला.

तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा रक्त तपासले. हिचे ११.२. अजून १२ नाहीत. गोळ्या चालू आहेत. माझी साखर ५.९. दुधीच्या रसाशिवाय! अण्णांना सांगितले, तर ते म्हणाले, “तो आधीचा साठलेला गुण.”

तक्ता मुलीने काढून टाकला. त्या जागी आता किराण्याची यादी असते.

हे सगळे लिहिल्यावर मी हिला वाचून दाखवले. वाटले, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तिने शेवटपर्यंत ऐकले, एक जांभई दिली आणि म्हणाली, “चांगलं लिहिलंय. मटकी भिजवलीत का?”

नव्हती भिजवली. उठलो.